रब्बानीचे गोल पाठ आहेत, कोच बाईचं नाव सांगा

तिरोड्याहून नागपूरच्या गाडीत बसलं की तुमसर, भंडारा मागे पडतं आणि कामठी येते. कामठी आली की डब्यातले आमचे चाचा लोक सरसावून बसतात. रब्बानी क्लब, यंग मुस्लिम क्लब, कुठल्या फायनलला कोण कसा खेळला, सगळं तोंडपाठ. विदर्भातल्या मुसलमानांचा हा अभिमान खोटा नाही. एकदा मी मध्येच विचारलं, ‘फुटबॉल खेळून पुढे कोच झालेल्या एका बाईचं नाव सांगा.’ डबा गप्प. मग एक जण म्हणाले, ‘आपल्या पोरींना खेळू कुठं देतात?’

‘देतात’ म्हणजे कोण? चाचा, क्लब तुमचे, मैदानावरची संध्याकाळ तुमची, पोरीही तुमच्याच.

नावं हवी तर आहेत. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळल्या, प्रशिक्षणाचा ‘ए’ परवाना मिळवला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघात ग्रासरूट विभागाच्या प्रमुख झाल्या. गोव्याच्या मेमोल रॉकी भारताकडून खेळल्या आणि पुढे २०१७ ते २०२१ भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. श्रीनगरची अफशान आशिक तर तुम्हाला माहीत आहे, फक्त चुकीच्या कारणासाठी. एप्रिल २०१७ मधला तिचा दगड भिरकावतानाचा फोटो देशभर फिरला. त्या दिवशी आपण विद्यार्थिनींना घेऊन सरावाला निघालो होतो, हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. दगड लक्षात राहिला, कोच कुणालाच दिसली नाही. तीच अफशान जम्मू-काश्मीरची कर्णधार झाली आणि २०१९ मध्ये एफसी कोल्हापूर सिटीची गोलकीपर म्हणून इंडियन विमेन्स लीग खेळली.

मोहल्ल्याबाहेरच्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: हिजाब. २०११ मध्ये इराणच्या मुलींना डोक्यावरच्या कापडामुळे ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला नाही, हे खरं. पण २०१४ मध्ये नियम बदलला आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. (फ्रान्सचा हट्ट सुटत नाही, तो त्यांचा आजार.) मुंब्र्यात ‘परचम’ संस्थेच्या मुली तर २०१२ पासून फुटबॉल खेळताहेत, मुस्लिम आणि हिंदू एकाच संघात. त्या मैदानासाठी भांडल्या. ओढणीशी त्यांचं भांडण नव्हतं.

अडतं ते पोटापाशी. तिरोड्याची पोरगी कॉलेजच्या संघातून विद्यापीठापर्यंत खेळली, पुढे काय? कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी हवी, वर नेट किंवा सेट. नुसत्या फुटबॉलच्या परवान्यावर ती खुर्ची मिळत नाही. हे सगळं पार केलं तरी भरती निघेपर्यंत तासिका तत्त्वावर राबा. तोवर घरच्यांनी रिश्ता पाहिलेला असतो. ज्या खेळातून घरात एक रुपया येणार नाही, त्यासाठी कुठला बाप मोहल्ल्याशी वैर घेईल? त्याला मागासलेला म्हणणं सोपं आहे. त्याचा हिशेब मात्र बरोबर आहे.

विजय बारसे आठवा, ज्यांच्यावर २०२२ मध्ये ‘झुंड’ आला. नागपुरात स्लम सॉकर उभं करणारा हा माणूस हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होता. हाताला पक्की नोकरी असली की माणूस गल्लीतल्या पोरांकडे बघू शकतो. तशी नोकरी बाईला द्या आणि मग विचारा, मुली का येत नाहीत.

नोकरी निर्माण झाली तरी ती बाईलाच मिळेल, असंही समजू नका. अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानं कॉलेजांना मुलींच्या खेळावर खर्च करावा लागला. त्याआधी मुलींच्या संघांच्या दर दहा कोचपैकी नऊ बायका होत्या. पगार वाढला, पुरुष धावत आले आणि बायका निम्म्याहून कमी उरल्या. इथे तर पगारही वाढलेला नाही, तरी खुर्ची पुरुषाचीच.

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. तिरोड्यात ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र उभं राहतं, तिथे मुलींच्या कॉलेज संघासाठी एका बाई कोचचा पूर्ण पगार निघू शकतो. सरकारनं द्यावा, संस्थाचालकांनी द्यावा, मला कुणीही चालेल. आणि कामठी-नागपूरच्या क्लबवाल्यांनो, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मैदान मुलींना सोडा. शिकवायला बाई ठेवा, तिला मानधन द्या आणि कमिटीतही घ्या. पुढच्या वेळी गाडीत मी नाव विचारणारच आहे.