मृतांचा आकडा कुणाचा?

२२ ऑगस्ट २००८ च्या पहाटे अफगाणिस्तानच्या हेरात प्रांतातील अझीझाबाद गावावर अमेरिकी विमानांनी हल्ला केला. तालिबानचा एक म्होरक्या गावात असल्याची खबर होती. अमेरिकी लष्कराने आधी फक्त बंडखोर मारले गेल्याचे सांगितले, मग पाच ते सात नागरिक दगावल्याचे मान्य केले. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने गावकऱ्यांच्या जबान्या घेऊन दिलेला आकडा होता ९०, आणि त्यांतली ६० मुले. आपल्या आकड्याच्या पुष्ट्यर्थ लष्कराने तुकडीसोबत गेलेल्या एका वार्ताहराचा हवाला दिला. हा वार्ताहर म्हणजे फॉक्स न्यूजचे ऑलिव्हर नॉर्थ, इराण-कॉन्ट्रा प्रकरणात गाजलेले निवृत्त मरीन अधिकारी! त्यानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कार्लोटा गॉल गावात पोहोचल्या. त्यांनी ताज्या कबरी पाहिल्या, मशिदीत ओळीने ठेवलेल्या मृतदेहांचे मोबाइलवरचे चित्रण पाहिले. त्याचा गवगवा झाल्यावर फेरचौकशी लागली आणि लष्कराचा आकडा ३३ नागरिकांवर गेला. ३३ आणि ९० यांतले अंतर मात्र कधीच मिटले नाही.

युद्धातल्या नागरी हानीच्या वार्तांकनातला पक्षपात बहुधा असाच असतो. बातमी बनावट नसते. वार्ताहराला जिथे नेले जाते तिथले तो लिहितो, आणि त्याला कुणी नेले याची नोंद वाचकापर्यंत पोहोचत नाही. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये एका घराच्या अंगणातल्या पांढऱ्या मोटारीवर अमेरिकी ड्रोनने क्षेपणास्त्र सोडले. इस्लामिक स्टेटचा घातपात टळला, असे जगाला सांगण्यात आले. वार्ताहरांनी त्या घराचे अंगण गाठले, शेजाऱ्यांना विचारले आणि कॅमेऱ्यांची चित्रफीत जुळवली, तेव्हा गाडीतली ‘स्फोटके’ पाण्याची पिंपे निघाली. मृत दहा, त्यांतली सात मुले. १७ सप्टेंबरला पेंटागॉनने चूक कबूल केली. काबूल शहरात वार्ताहर हिंडू शकत होते म्हणून हे तीन आठवड्यांत उलगडले. दुर्गम खेड्यांत तेवढीही सोय नसते.

उलट बाजूची चूकही तितकीच खरी आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी गाझा शहरातील अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला. हमासच्या हाताखालील आरोग्य मंत्रालयाने इस्रायली हल्ल्यात पाचशे ठार झाल्याचे सांगितले आणि जगातल्या मातब्बर वृत्तपत्रांनी ते मथळ्यात नेले. त्याच रात्री अम्मानमधली अरब नेत्यांची अमेरिकी अध्यक्षांसोबतची बैठक रद्द झाली. उजाडल्यावर दिसले ते वेगळेच: रुग्णालयाची इमारत उभी होती, वाहनतळातल्या मोटारी जळाल्या होत्या आणि खड्डा अगदी लहान होता. मंत्रालयाचा आकडा पुढे ४७१ वर आला. अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज १०० ते ३०० होता, आणि तोही खालच्या टोकाकडे झुकणारा. इस्रायलने इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी गटाच्या भरकटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवले. ह्यूमन राइट्स वॉचनेही नोव्हेंबरमध्ये पॅलेस्टिनी गट वापरतात तशा रॉकेटची शक्यता अधिक असल्याचे म्हटले. काही स्वतंत्र अभ्यासकांनी त्याला आव्हान दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आरंभीच्या वृत्तात हमासच्या दाव्यांवर फार विसंबल्याचे संपादकीय टिपणात मान्य केले, पण तोवर सहा दिवस उलटले होते.

या प्रकरणानंतर गाझातून येणारा प्रत्येक आकडा खोटाच, असा सूर एका गोटाने लावला. तो टिकणारा नाही. २०१४ च्या गाझा युद्धाचा हिशेब तिघांनी वेगवेगळा केला होता. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने २,३१० मृत सांगितले, संयुक्त राष्ट्रांनी २,२५१, इस्रायल सरकारने २,१२५. एकूण संख्येत फरक किरकोळ. खरा वाद मेले ते कोण, यावर होता. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात १,४६२ जण नागरिक होते. इस्रायलच्या हिशेबात नागरिक फक्त ७६१, लढवय्ये ९३६, आणि उरलेले ४२८ तरुण व मध्यमवयीन पुरुष कशातच न बसवलेले. वयात आलेला पुरुष म्हणजे लढवय्या की नाही, हे कुणी आणि कशावरून ठरवले याचे उत्तर मिळाल्याखेरीज दोन्हीपैकी कुठल्याही आकड्याला अर्थ येत नाही. वृत्तपत्रांत छापून येते ती मात्र एकूण संख्या, जिच्याबद्दल फारसे भांडणच नसते.

मोजदाद करू न देणे हा तर युद्धतंत्राचाच भाग झाला आहे. एप्रिल २००२ मध्ये जेनिनच्या निर्वासित छावणीत लढाई चालू असताना इस्रायलने वार्ताहरांना बाहेर ठेवले. आत काय चालले हे कळेना, म्हणून पाचशे माणसे कापल्याच्या बातम्या पसरल्या. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात मृत पॅलेस्टिनींची संख्या किमान ५२ निघाली, त्यांतले निम्म्यापर्यंत नागरिक असावेत असे त्यात नमूद होते. दार लावणाऱ्याचेच त्यात नुकसान झाले. तरी २०२३ नंतर त्यातून धडा घेतला गेला नाही. लष्कराने नेलेल्या फेऱ्या सोडल्या तर विदेशी वार्ताहरांना गाझात शिरता आले नाही, आणि आत राहून बातमी देणाऱ्या स्थानिक पत्रकारांपैकी दीडशेहून अधिक मारले गेले.

मारिउपोलचे उदाहरण याहून बोलके आहे. युक्रेनच्या त्या वेढलेल्या शहरातील प्रसूती रुग्णालयावर ९ मार्च २०२२ रोजी बॉम्ब पडला तेव्हा असोसिएटेड प्रेसचे पत्रकार तिथे होते. रशियाच्या लंडनमधील दूतावासाने जखमी गरोदर बाईला चक्क नटी ठरवले, पण छायाचित्रे असल्याने तो कांगावा चालला नाही. १५ मार्चला ते पत्रकार शहराबाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी शेकडो माणसांनी आसरा घेतलेल्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला. शहर प्रशासनाने मृतांचा आकडा सुमारे ३०० सांगितला, असोसिएटेड प्रेसने वाचलेल्यांच्या मुलाखती घेऊन आणि इमारतीचा आराखडा मांडून तो ६०० च्या जवळपास नेला, तर अॅम्नेस्टीने प्रत्यक्ष खात्री केलेले किमान १२ मृत्यू नोंदवले आणि खरी संख्या बरीच जास्त असल्याचे म्हटले. रशियाच्या ताब्यात गेलेल्या शहरात त्या नाट्यगृहाचा बराचसा भाग पुढे पाडण्यात आला. आता तिथे मोजायला काही उरलेले नाही.

मराठी वृत्तपत्रांचा वार्ताहर गाझात किंवा मारिउपोलमध्ये नसतो. वृत्तसंस्थेचा मजकूर येतो, त्यात ‘मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार’ किंवा ‘लष्कराच्या दाव्यानुसार’ असे असते. दोन कॉलमी मथळ्यात ते मावत नाही, म्हणून उपसंपादक ते काढतो, आणि दावा घटना होऊन छापला जातो. कुणाचा दावा गाळायचा आणि कुणाचा ठेवायचा, यात डेस्कचा कल उघडा पडतो. एका देशाच्या लष्कराचे म्हणणे सरळ बातमी आणि दुसऱ्याचे कायम ‘कथित’, असे महिनोन्महिने चालले तर एकही खोटी ओळ न छापता वाचकाची दिशाभूल होते. आकडा कुणाचा हे मथळ्यात येत नसेल, तर आकडाही मथळ्यात घेऊ नये.

अर्थात दार बंद होते ही सबब दर वेळी चालत नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात जम्मू-काश्मीरच्या पूंछमध्ये नागरिक मारले गेले. त्यांच्यातल्या एका मदरशाच्या शिक्षकाला काही भारतीय वाहिन्यांनी दहशतवादी ठरवून टाकले. पूंछ पोलिसांना निवेदन काढून ते खोडावे लागले. पूंछ भारतातच आहे, मृत माणूस आपलाच नागरिक होता, आणि खातरजमेला जिल्हा पोलिसांना केलेला एक फोन पुरला असता. तो न करता चालवलेल्या बातमीबद्दल जूनमध्ये तिथल्या न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.