अकरा अंकांची माळ

१२३४५६५४३२१. बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. ही रक्कम कोणाच्या खतावणीतली नव्हे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष यांच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यातील गुणाकाराच्या एका उदाहरणाचे हे उत्तर आहे. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणावे, की अंक एकापासून सहापर्यंत चढतात आणि पुन्हा एकावर उतरतात. अशा उत्तरांना आचार्य कंठातील अलंकाराची उपमा देतात.

ही माळ गुंफली कशी? ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ आणि ५२९१ यांचा गुणाकार १११११११ नव्हे, बरोबर सहा एकांचा, १११११११ मधला एक एक कमी, म्हणजे ११११११. आपली संख्या त्याचाच वर्ग होय. कागदावर गुणाकार मांडला तर सहा एकांच्या सहा ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली, अशी पायरी दिसते. मधल्या स्तंभात सहा एक येतात, कडेला एकच. हातचा कोठेच नाही.

आता पडताळा. अंकांची बेरीज ३६, म्हणजे नवाची पट. ४४१ लाही नवाने भाग जातो, तेव्हा जुळले. परंतु हा पडताळा एका चुकीपुढे आंधळा आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते.

श्रीगोंद्यातील आमच्या आडतीच्या दुकानात एका दिवाळीला रोजमेळ आणि खतावणी यांत ४५०० रुपयांचा फरक निघाला. दोघातिघांनी दिवाणजींकडे निराळ्या नजरेने पाहिले. मीही पाहिले. आजोबांनी मात्र ४५०० ला नवाने भागले. भाग पूर्ण गेला. “अंक उलटे पडले असतील, शोधा,” एवढेच ते म्हणाले. अंक एक घर सरकला की त्याची किंमत दसपट होते, म्हणजे नऊ पटींनी वाढते. म्हणून अदलाबदलीचा फरक नेहमी नवाची पट असतो. भाग गेला म्हणजे चूक हीच, असे नव्हे. पण शोध कोठून सुरू करावा ते कळते. पाऊण तासाने एका लिंबूवाल्या शेतकऱ्याच्या खात्यावर ७२५० च्या जागी २७५० सापडले. अक्षर माझे होते.

शेजारच्या अंकांची अदलाबदल अकराच्या पडताळ्यात लपत नाही. उजवीकडून एक अंक मिळवावा, पुढचा वजा करावा. आचार्यांच्या संख्येत शून्य उरते, कारण ५२९१ ला अकराने भाग जातो. त्यातले उजवीकडचे ५ आणि ४ उलटे लिहून पाहा, शून्य येत नाही. ७२५० आणि २७५० यांचीही उत्तरे वेगळी येतात. त्या दिवाळीनंतर मोठ्या रकमेशेजारी हा आकडा मी पेन्सिलीने लिहून ठेवतो. दिवाणजी तो पाहत, आणि काही बोलत नसत.