पंखा पाण्यात काढायची वेळ का येते?

"मिस्त्री, पंखा पाण्यातच काढू या, अर्ध्या तासाचं काम," असं जेटीवर कुणी म्हणालं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. तीस वर्षं रत्नागिरीत मच्छीमार नौकांची इंजिनं दुरुस्त करतोय. भाट्याच्या खाडीतली ती सकाळ डोळ्यांसमोरून जात नाही.

खडकाला घासून एका ट्रॉलरच्या पंख्याचं पातं वाकलं होतं. मालकाला दुसऱ्याच दिवशी समुद्रात जायचं होतं. बावीस वर्षांचा खलाशी खाली उतरला. तोंडात नळी, वर टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर. नळी मी धरली होती. गढूळ पाण्यात त्याला स्वतःचा हात दिसत नव्हता. त्याने नट पूर्ण काढला, घण मारून पाहिला. पाण्यात घणाला जोर येत नाही, पायाला आधार नसल्याने मारणाराच मागे फेकला जातो. मग पंखा ओढून काढणारा पुलर लावला. बराच वेळ काही हललं नाही आणि एकदम ठक् आवाज झाला. पंखा सुटला तो थेट त्याच्या डाव्या हातावर. दोन बोटं गेली. नटाचे चार आटे शाफ्टवर राहू दे, हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

शाफ्टचं टोक निमुळतं असतं. नट आवळला की पंखा त्यावर घट्ट बसतो आणि वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात तिथेच जाम होतो. सुटतो तेव्हा झटक्याने सुटतो. नट थोडा राहिला तर पंखा तिथेच अडतो. वरून दोर बांधलेला असला तर तळाच्या चिखलातही जात नाही. पाण्यात वजन हलकं होतं म्हणतात, पण पितळी-कांशाचा 40 किलोचा पंखा पाण्यातही 35 किलोच्या आसपास भरतो. शिवाय गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ असते, शेजारी इंजिनाचा धूर असेल तर तोही नळीतून छातीत जातो. पाण्याखाली अशी दाबाची हवा घेणारा माणूस घाबरून श्वास रोखत वर आला, तर थोड्या खोलीवरूनही फुप्फुस फाटू शकतं. आमच्या किती पोरांना हे कुणी सांगितलंय?

मालकांची अडचण मला कळते. स्लिपवेवर नंबर लागेपर्यंत दिवस जातात, बर्फ वितळतो, खलाशांचा पगार चालू राहतो. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, नौका वर असतात. त्या दोन महिन्यांत प्रत्येक पंखा एकदा काढा. शाफ्ट आणि चावीचा खाचा साफ करा, आट्यांना ग्रीस द्या, गंज रोखणारा जस्ताचा तुकडा बदला. वर्षाला एकदा सुटलेला पंखा पुढच्या वेळी सहसा जाम होत नाही.

बाकीचं काम मच्छीमार सोसायट्यांचं आणि मत्स्यव्यवसाय खात्याचं आहे. प्रत्येक मोठ्या बंदरावर मापाचा पुलर, स्वच्छ हवेची सिलिंडरं आणि शिकलेला पाणबुड्या हवा. खलाशाला पाण्यात ढकलणं थांबवा. आणि कुणी उतरणारच असेल, तर बॅटरीची तार आधी सोडा. स्टार्टरची चावी नौका चालवणाऱ्या तांडेलाकडे नको, उतरणाऱ्याच्या कमरेला बांधा.

तो खलाशी आता जेटीवर जाळी शिवतो. भेटला की उजवा हात वर करतो, "काका, चहा?" म्हणतो. डावा खिशात असतो.