पाहुणचाराच्या पदवीत माणूस कुठे आहे?

हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षणाची मुंबईत सुरुवात झाली १९५४ साली. आज आमच्या वस्त्यांतील मुले-मुलीही कर्ज काढून ही पदवी घेत आहेत. स्वयंपाकघर, जेवणाची सेवा, फ्रंट ऑफिस आणि हाऊसकीपिंग हे विषय त्यांना शिकवले जातात. पदव्युत्तर वर्गात त्यावर हिशेब, विक्री आणि मनुष्यबळाची भर पडते. हे सारे यायलाच हवे. पण एवढ्याने व्यवस्थापक घडतो काय, हा आमचा सवाल आहे.

१९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. हिंदू हॉटेलात थारा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने पारशी नाव घेऊन ते पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. खोल्या रिकाम्या होत्या, पाहुणा पैसे मोजत होता. आडवी आली ती जात. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये हॉटेल आणि सार्वजनिक उपाहारगृह यांचा नाव घेऊन उल्लेख झाला, तो उगाच नव्हे.

त्याच बडोदा जिल्ह्यात जून २०१९ मध्ये एका हॉटेलच्या सेप्टिक टँकमध्ये सात जण गुदमरून मेले. चार सफाई कामगार आणि तीन हॉटेलचे कामगार! सुरक्षेची साधने न देता माणसाला अशा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मग त्याला प्रत्यक्ष कामाला लावा की अप्रत्यक्ष. 'ठेकेदाराने माणसे आणली होती' ही सबब तेथे चालत नाही. पण हॉटेल चालवणाऱ्यांना हे शिकवले कोणी?

म्हणून आमची मागणी आहे की, या पदवीत कायद्याची स्वतंत्र, गुणांची प्रश्नपत्रिका असावी. तीत कलम १५(२), १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, किमान वेतन आणि कामाच्या ठिकाणी स्त्रियांचे संरक्षण हे विषय असावेत. प्रशिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्याने हॉटेलच्या मागच्या दाराचीही नोंद करावी: भांडी कोण घासतो, टाकी कोण उपसतो, त्यांना पगार काय आणि जेवायला जागा कुठे?

आमच्या विद्यार्थ्यांनो, ही पदवी जरूर घ्या, व्यवस्थापकाची खुर्चीही मिळवा. मात्र टाकी साफ करण्याचा कागद सहीला येईल तेव्हा आत यंत्र जाणार की माणूस, हे आधी विचारा. मगच पेन उचला.