गणितावर शिक्का कोणाचा?

वाण्याच्या दुकानातील वजनावर सरकारी शिक्का असतो, हे तुम्ही पाहिले असेल. वैध मापनशास्त्र खात्याचा निरीक्षक ठराविक मुदतीने ती वजने तपासतो. त्याच्याजवळची वजने त्याहून वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडून पाहिलेली असतात. अशी पायरीपायरीने वर जाणारी साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. आपल्या देशाचा ५७ क्रमांकाचा प्रमाण किलोग्रॅम तेथेच आहे. किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९ पासून प्लँकच्या स्थिरांकावर आधारलेली असली, तरी साखळीची कल्पना तीच राहिली आहे. एक किलो साखर म्हणजे खरोखर एक किलो, हा आपला विश्वास या साखळीवर उभा आहे.

आता असा विचार करा. मापन यंत्राने घेतलेल्या नोंदींवर पुढे गणित होते आणि मग उत्तर मिळते. यंत्रावर शिक्का आहे. त्या गणितावर कोणाचा शिक्का आहे?

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. मोजपट्टीवर जे वाचले तेच माप. आज परिस्थिती तशी नाही. कारखान्यांत वापरतात ते निर्देशक-मापन यंत्र घ्या. या यंत्राची बारीक टोकाची सळई वस्तूच्या पृष्ठभागाला ठिकठिकाणी स्पर्श करते आणि प्रत्येक बिंदूचे क्ष, य, झ हे निर्देशक नोंदवते. यंत्राला मिळतात ते फक्त बिंदू. ‘या दंडगोलाचा व्यास २०.००४ मिलिमीटर’ हे वाक्य यंत्राच्या संगणकातील आज्ञावली तयार करते. सळई कितीही अचूक असो, आज्ञावली सदोष असेल तर पडद्यावरची संख्या चुकणारच. ही केवळ कल्पना नव्हे. अशा काही यंत्रांच्या आज्ञावल्या चुकीची उत्तरे देतात, असा जाहीर इशारा अमेरिकेत १९८८ साली दिला गेला होता. अमेरिका व जर्मनी या देशांच्या राष्ट्रीय मापन संस्थांनी अशा आज्ञावल्या तपासण्याचे काम हाती घेतले.

संगणक बेरीज-वजाबाकीत चुकेल कसा, असे तुम्हाला वाटेल. म्हणून एक उदाहरण स्वतःच करून पाहू या. एका सळईची लांबी तीनदा मोजली आणि १००.०१, १००.०२ व १००.०३ सेंटिमीटर अशी आली. या नोंदींचे प्रमाण विचलन काढायचे आहे. पुस्तकात त्याच्या दोन रीती दिलेल्या असतात. पहिल्या रीतीत प्रत्येक नोंदीतून सरासरी वजा करायची, आलेल्या फरकांचे वर्ग करून मिळवायचे, त्या बेरजेला नोंदींच्या संख्येपेक्षा एकने कमी संख्येने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. येथे फरक −०.०१, ० व +०.०१ आहेत. वर्गांची बेरीज ०.०००२, तिला २ ने भागून ०.०००१ आणि वर्गमूळ ०.०१. तोंडी झाले!

दुसऱ्या रीतीत आधी नोंदींचेच वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तीतून सरासरीच्या वर्गाची तिप्पट वजा करायची. पुढचे सारे तसेच. बीजगणिताच्या दृष्टीने दोन्ही रीती अगदी एक आहेत. पण आता कागदावर प्रत्येक संख्येचे आठच अंक ठेवा, पुढचे छाटून टाका. वर्ग येतात १०००२.०००, १०००४.००० व १०००६.०००, बेरीज ३००१२.०००. सरासरीचा वर्ग १०००४.०००, त्याची तिप्पट ३००१२.०००. वजाबाकी शून्य! तिन्ही नोंदी वेगवेगळ्या दिसत असताना उत्तर सांगते की विचलन मुळीच नाही. छाटण्याऐवजी शेवटचा अंक जवळच्या अंकापर्यंत पूर्ण केला, तर तिसरा वर्ग १०००६.००१ होतो, वजाबाकी ०.००१ येते आणि प्रमाण विचलन सुमारे ०.०२२ निघते. म्हणजे खऱ्या उत्तराच्या दुपटीहून अधिक. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी केली की कामाचे अंक नाहीसे होतात आणि हाती गाळ उरतो.

संगणक आठाऐवजी पंधरा-सोळा अंक ठेवतो एवढेच, रोग तोच. १००००००००१, १००००००००२ व १००००००००३ या संख्या घेतल्या, तर वर्गांची बेरीज ३ गुणिले १० चा १८ वा घात याच्या आसपास जाते. नेहमीच्या संगणकीय अंकपद्धतीत तेथे शेजारच्या दोन संख्यांमधले अंतर ५१२ असते. आपल्याला हवी असलेली वजाबाकी फक्त २ आहे. ती तेथे मावणार कशी? मॅक्‌कलॉ व विल्सन या संशोधकांनी एक्सेल ९७ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीची परीक्षा घेऊन १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत प्रमाण विचलनाचा हाच दोष दाखवून दिला होता. पुढे २००३ च्या आवृत्तीत ती रीत बदलण्यात आली. परीक्षेसाठी उत्तरे आधीच पक्की ठाऊक असलेली सामग्री लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेने अशी सामग्री तयार करून सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिच्यातील एक संच तर १००००००१, १००००००३ व १००००००२ एवढाच आहे. प्रमाण विचलन बरोबर १. कोणीही विद्यार्थी आपल्या आज्ञावलीची त्यावर परीक्षा घेऊ शकेल.

येथपर्यंतचा दोष अंकगणिताचा झाला. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न: काय काढायचे हे मुळात ठरले होते काय?

१, २ आणि ९ या संख्यांचे प्रतिनिधित्व एकाच संख्येने करायचे आहे. कोणती घ्याल? फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी हवी असेल तर ४, म्हणजे आपली सरासरी. चिन्ह सोडून फरकांची नुसती बेरीज कमीत कमी हवी असेल तर २, म्हणजे मध्यक. सर्वांत मोठा फरक शक्य तितका लहान हवा असेल तर ५. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रश्न तीन आहेत.

हाच पेच कारखान्यात आला की पैशाचा होतो. समजा, एका गोल दांड्याचा व्यास सर्वत्र २०.०० मिलिमीटर आहे, फक्त एका जागी ०.०२ मिलिमीटर उंचीचा कंगोरा राहून गेला आहे. परिघावर समान अंतराने शंभर बिंदू घेतले आणि त्यांतला एकच कंगोऱ्यावर पडला. न्यूनतम वर्ग पद्धतीने काढलेल्या वर्तुळाचा व्यास २०.०० च्या अगदी जवळ येईल. शंभरांत एका बिंदूचे वजन ते किती! पण सर्व बिंदूंना सामावून घेणाऱ्या लहानात लहान वर्तुळाचा व्यास २०.०२ येतो. आता हा दांडा २०.०१ मिलिमीटरच्या भोकात जाईल काय? पहिले उत्तर म्हणते, जाईल. प्रत्यक्षात तो अडकतो. आज्ञावलीने चूक केलेली नाही. दांडा भोकात बसेल का, हे तिला कोणी विचारलेच नव्हते. आणि दांडा करणाऱ्याने एक व्याख्या धरली, घेणाऱ्याने दुसरी धरली, तर दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असून भांडण मात्र अटळ.

म्हणूनच युरोपातील राष्ट्रीय मापन संस्थांनी २०१२ ते २०१५ या काळात ‘ट्रेसिम’ नावाचा जो प्रकल्प केला, तो मला फार मोलाचा वाटतो. ब्रिटनमधील टेडिंग्टनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि जर्मनीतील ब्राउनश्वाइगची पी. टी. बी. ही संस्था त्यात होत्या. या प्रकल्पात इंटरनेटवर गणनांच्या उद्दिष्टांचा एक संग्रह उभारण्यात आला. त्यातील नोंदीचा साचा पाहण्यासारखा आहे. गणनेचे नाव, गणिताची शाखा, दिलेल्या राशी, काढायच्या राशी आणि त्या दोहोंना जोडणारे गणित, एवढे त्यात नेमके लिहायचे. कोणत्या रीतीने सोडवायचे, कोणती संगणक-भाषा वापरायची, हा त्या नोंदीचा विषयच नाही. ‘काय’ आणि ‘कसे’ यांची ही फारकत साधी दिसते, पण तपासणी शक्य होते ती तिच्यामुळेच. उद्दिष्ट आधी लिहिलेले नसेल तर उत्तर चुकले असे म्हणायचे तरी कशाच्या आधारावर?

उद्दिष्ट ठरल्यावर परीक्षेची सामग्री बनवायची. तिची युक्ती मोठी गमतीची आहे. उत्तरापासून उलट निघायचे. सरासरी ५० यायला हवी, तर ज्यांची बेरीज शून्य आहे असे फरक घ्या, जसे −३, +१, +२. झाली सामग्री तयार: ४७, ५१, ५२. फरक दहापट करा, २०, ६०, ७०. सरासरी ५० च. वर्तुळासाठी फरकांची बेरीज शून्य असून भागत नाही, त्यांची डावी-उजवी आणि वर-खाली ओढही एकमेकींना छेदावी लागते. पण विचार तोच. अशी सामग्री इंटरनेटवरून आज्ञावलीकडे पाठवायची, तिचे उत्तर परत मागवायचे आणि ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून प्रमाणपत्र द्यायचे, अशी सेवा पी. टी. बी. ने उभी केली. दुकानातील वजनावरच्या शिक्क्याचे हे भावंडच म्हणायचे.

या संग्रहाची भाषा इंग्रजी, आणि नोंदी तज्ज्ञांसाठी लिहिलेल्या. त्या जशाच्या तशा शाळेत चालणार नाहीत, हे उघड आहे. पण साचा चालेल. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी व्हर्निअरचे लघुतम माप न चुकता लिहितात, शून्य त्रुटीही लिहितात. गणिताची वेळ आली की ‘कॅल्क्युलेटरने काढले’ एवढ्यावर सारे थांबते. स्प्रेडशीटमध्ये प्रमाण विचलनाची दोन फलने असतात. एक नोंदींच्या संख्येने भागते, दुसरे तीहून एकने कमी संख्येने. पाच नोंदींवर दोन्हींच्या उत्तरांत शेकडा दहाहून अधिक फरक पडतो. कोणते वापरले असे विचारले, तर बहुतेक जण यादीतले पहिले, असे प्रांजळपणे सांगतात!

काही शिक्षक म्हणतील, शालेय प्रयोगात हाताच्या चुकाच एवढ्या मोठ्या असतात की गणिताच्या बारकाव्यांना अर्थ नाही. अंक नाहीसे होण्यापुरते हे बहुतांशी खरे आहे, आणि नववीच्या मुलाला सोळाव्या अंकाची काळजी करायला लावणे मलाही पसंत नाही. पण सरासरी घ्यायची की मध्यक, आलेखावरची रेषा आरंभबिंदूतून नेण्याची सक्ती करायची की नाही, हे प्रश्न पहिल्याच अंकाला धक्का लावतात. त्यांना लघुतम मापाचे कारण पुढे करता येत नाही.

तेव्हा प्रयोगवहीत निरीक्षणांच्या तक्त्याखाली चार ओळी वाढवाव्यात, असे मी सुचवतो. दिलेले काय, काढायचे काय, त्याची व्याख्या कोणती, आणि उत्तर आधी ठाऊक असलेल्या कोणत्या संख्यांवर ही रीत तपासली. लंबकाच्या प्रयोगात शेवटची ओळ अशी येईल: ‘आवर्तकालाचा वर्ग लांबीच्या बरोबर चौपट असलेले पाच काल्पनिक बिंदू घेतले, चढ ४ आला.’ लिहायला दोन मिनिटे लागतात. प्रात्यक्षिक परीक्षेत तिला एक गुण ठेवायला काय हरकत आहे?