मंदी सगळ्यांनाच येते, मग शटर छोट्याचंच का पडतं?

मागच्या आठवड्यात एक पोरगा घरी आला. आपल्या बार्शी तालुक्यातलाच, मेकॅनिकलचा डिप्लोमा, वय तिशीच्या आत. एका नव्या कार कंपनीला आपल्या भागात डीलर हवाय आणि ह्याला ती एजन्सी घ्यायचीय. वडील तयार आहेत. साडेतीन एकर बागायत तारण ठेवायची बोलणी बँकेत चालू आहेत. म्हणाला, "दादा, तुम्ही पेपरवाले. एवढंच सांगा, घेऊ का नको?"

मी म्हटलं, कुर्डुवाडी रोडची ती शोरूम आठवते का? आठवत होती त्याला. तिथं आता मंडपवाल्याचं सामान पडलेलं असतं.

त्या शोरूमची फीत कापल्याची बातमी मीच दिली होती. चार कॉलम, फोटोसकट. परदेशी कंपनी, पण आपल्याकडे छोटी. मालकांनी काचा, फरशी, सोफे, बोर्ड, लिफ्ट सगळं कंपनीनं ठरवून दिलेल्या लोकांकडूनच घेतलं, कारण करारात तसंच होतं. 2019 च्या दिवाळीला तिथं पेढे आणले होते, पण खायला गिऱ्हाईक नव्हतं. पुढं शटर पडलं. त्याची बातमी मात्र मी दिली नाही. जाहिरातीचं बिल येणं बाकी होतं आणि मालक ओळखीचे. ही चूक माझी, आज उघड मान्य करतो.

तेव्हापासून कुणालाही विचारा, एकच उत्तर येतं: "मंदी होती ना." माझं भांडण ह्या उत्तराशी आहे.

मंदी होतीच, नाही कोण म्हणतं? 2018-19 मध्ये देशात 33 लाख 77 हजार प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. पुढच्या वर्षी 27 लाख 73 हजार. एकट्या ऑगस्ट 2019 मध्ये विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त पडली. आयएलअँडएफएस बुडाली आणि फायनान्स कंपन्यांनी हात आखडला. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरायची सक्ती आली. वर बीएस-6 ची तारीख डोक्यावर. अर्थमंत्री सीतारामन बाईंनी तेव्हा सांगितलं की तरुण पिढी गाडीचा हप्ता भरण्यापेक्षा ओला, उबर नाहीतर मेट्रो पसंत करते. बार्शीत उबर! आपल्याकडे वडाप आहे बाई, आणि त्यात बसायला जागा मिळाली तर नशीब.

पण ही मंदी सगळ्यांना सारखी लागली नाही. बाजार पडला साधारण 18 टक्के. ह्युंदाई पडली 11 टक्के. फोर्ड सुमारे 93 हजार गाड्यांवरून 66 हजारांच्या आसपास आली, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त धंदा एका वर्षात साफ.

गाड्या वाईट होत्या का? अजिबात नाही. फियाटचं बघा. त्यांचं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन मारुतीनं लायसन्स घेऊन बनवलं आणि स्विफ्टमध्ये घातलं. लोकांनी रांगा लावल्या. तेच इंजिन फियाटच्या स्वतःच्या पुंटोत होतं, आणि पुंटो आपल्या रांजणगावात बनायची. ती किती जणांच्या दारात दिसली? पत्रा दणकट, गाडी रस्ता धरून चालायची, तरी नाही. गिऱ्हाईक इंजिन बघत नव्हतं. ही कंपनी उद्या असेल का, विकायला काढली तर कोण घेईल आणि आपला मिस्त्री हात लावेल का, हे बघत होतं.

आणि मंदीत हे जास्त बघतात. बाजार तेजीत असतो तेव्हा माणूस थोडी हौस करतो, वेगळी गाडी घेऊन बघतो. पण ज्याच्याकडे आयुष्यात एकदाच आठ लाख जमलेत आणि पुढच्या वर्षी नोकरीचा किंवा पिकाचा भरवसा नाही, तो डोळे मिटून मारुती घेतो. मी त्याला दोष देत नाही. छोट्या ब्रँडची विक्री घटते, घटली की "ही कंपनी चालली" अशी आवई उठते, आवई उठली की विक्री आणखी घटते. कंपनी मग खरंच जाते आणि आवई उठवणारे म्हणतात, बघा, सांगितलं नव्हतं?

ह्याचा उलटा दाखलाही आहे. 2009 साली अमेरिकेत गाड्यांचा बाजार 21 टक्क्यांच्या आसपास कोसळला होता. तिथं ह्युंदाई तेव्हा मोठं नाव नव्हतं. त्यांनी जाहीर केलं, गाडी घेतल्यावर वर्षाच्या आत तुमची नोकरी गेली तर गाडी परत आणून द्या. त्या वर्षी त्यांची विक्री 8 टक्के वाढली. छोटी सुबारू तर त्याहून जास्त वाढली. लांब कशाला जा, आपल्याकडे त्याच 2019 च्या मंदीत एमजी हेक्टर आली आणि मागणी झेपेना म्हणून बुकिंग काही काळ बंद करावं लागलं. ती बनत होती गुजरातमध्ये हालोलला. म्हणजे ज्या कारखान्यातून जनरल मोटर्स दोन वर्षं आधी बाहेर पडली, त्याच कारखान्यात!

म्हणून म्हणतो, छोट्या ब्रँडला मंदी मारत नाही. त्याला मारतो "हे निघून जातील" हा संशय. आणि तो संशय खोटा ठरत नाही, कारण आपल्या देशात निघून जाणं फार स्वस्त आहे.

जनरल मोटर्सनं मे 2017 मध्ये शेवरलेची इथली विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा तर मंदीही नव्हती. डीलरांचं दुकान बंद झालं, पण तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी डिसेंबर 2020 पर्यंत चालू राहिला. कंपनीला दुसरा दरवाजा होता, डीलरला नव्हता. 9 सप्टेंबर 2021 ला फोर्डनं इथलं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. डीलरांची संघटना फाडा तेव्हा ओरडून सांगत होती की फोर्डचे 170 डीलर आहेत, त्यांचे सुमारे 2 हजार कोटी अडकलेत, 40 हजार माणसं त्यांच्याकडे कामाला आहेत आणि पाच महिन्यांपूर्वीपर्यंत नवे डीलर नेमणं चालू होतं. म्हणजे कुणाची तरी शोरूमची फरशी वाळलीसुद्धा नसेल.

लोक म्हणतात, धंदा म्हटलं की जोखीम आलीच. मान्य. गाडी खपली नाही तर तोटा डीलरचा, ह्यात वाद नाही. पण गाडी विकणारी कंपनीच उठून गेली तर तो तोटाही एकट्या डीलरचाच? सप्टेंबर 2019 मध्ये सरकारनं मंदीवर उपाय म्हणून कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. भागीदारीत किंवा स्वतःच्या नावावर दुकान चालवणाऱ्या डीलरला त्यातलं काय मिळालं? शून्य.

आणि उपाय कुणाला माहीत नाही असंही नाही. डिसेंबर 2020 मध्ये संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीनं वाहन उद्योगातल्या मंदीवरच अहवाल दिला आणि डीलरांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करा अशी शिफारस केली. नऊ महिन्यांनी फोर्ड गेली. अमेरिकेत तर राज्याराज्यांत असे कायदे कधीचेच आहेत. 2009 मध्ये जीएम आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, शेकडो डीलर एका पत्रानं काढले, तेव्हा तिथल्या संसदेनं त्याच वर्षी कायदा करून त्या डीलरांना लवादाकडे जायचा हक्क दिला. भांडवलशाहीचं माहेरघर म्हणतो आपण त्या देशाला.

गिऱ्हाईकाचे हालही सांगतो, कारण तो मी स्वतः आहे. माझी जुनी गाडी अशाच एका निघून गेलेल्या कंपनीची. मागचा दिवा फुटला. सोलापुरात विचारलं, "पार्ट बॅक ऑर्डरला आहे." सात आठवडे हेच उत्तर. शेवटी कुर्ल्याच्या भंगारातून जुना दिवा आणला. विकायला काढली तर एजंट हसून म्हणाला, "साहेब, वापरा तुम्हीच."

त्या पोराला मी हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, कराराचा मसुदा मागव आणि कंपनी देश सोडून गेली तर तुझा स्टॉक, टूल, स्कॅनर, बोर्ड परत कोण घेणार, ते कलम शोध. तीन दिवसांनी फोन आला. "दादा, आपल्याला काढून टाकायची कारणं पानभर आहेत. ते गेले तर काय, हे कुठंच नाही." बँकेची बोलणी त्यानं सध्या थांबवलीत. वडील माझ्यावर नाराज आहेत असं कळलं.

आपले खासदार साहेब पुढच्या पंधरवड्यात तालुक्यात येणार आहेत. फीत कापायलाच असेल काहीतरी. मी दोन प्रश्न लिहून नेणार आहे. एक, 2020 च्या त्या शिफारशीचं पुढं काय झालं आणि तुम्ही सभागृहात तो विषय काढणार का? दोन, कंपनी गेली तरी ठरलेली वर्षं पार्ट आणि सर्व्हिस मिळालीच पाहिजे, ह्यासाठी तिच्याकडून आधीच पैसे अनामत का घेत नाही? सिलिंडर देताना गॅसवाला आपल्याकडून डिपॉझिट घेतो, मग हे का नको?

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे, किंवा ज्यांनी अशा शोरूमला काम केलंय, पगार किंवा पीएफ अडकलाय, त्यांनी कॉमेंटमध्ये नाहीतर इनबॉक्समध्ये लिहा. नावं छापणार नाही. आणि कुर्डुवाडी रोडचे ते शेठ हे वाचत असतील तर त्यांनीही फोन करावा. राहिलेली बातमी अजून देता येईल.