पक्षबदलूंचा हिशोब कामगाराने कसा मांडावा?



२०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. तेव्हापासून बुकिंग ऑफिसात आणि आर. एम. एस.च्या सॉर्टिंग टेबलावर एकच वाद चालतो, गद्दार कोण? आमच्या युनियनमध्ये सगळ्या पक्षांना मते देणारे सभासद आहेत. या वादापायी ते एकमेकांशी बोलेनासे झाले तर नुकसान संघटनेचे आहे. म्हणून आम्ही घरचे उदाहरण बाजूला ठेवून दूरचे घेत आहोत. तिथे आपला राग-लोभ नाही, तेव्हा डोके शांत ठेवून विचार करता येईल.

तंजावरहून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या लाइनीवर कुंभकोणम स्टेशन लागते. कावेरीकाठचा हा मुलूख एके काळी व्यंकोजीराजांच्या घराण्याच्या राज्यात होता. याच भागातील कपिस्थलमचे मोठे जमीनदार जी. के. मूपनार. १९६९ साली काँग्रेस फुटली तेव्हा ते कामराजांबरोबर संघटना काँग्रेसमध्ये राहिले. १९७५ साली कामराज गेले आणि पुढच्याच वर्षी मूपनार इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये आले. १९९६ साली नरसिंह रावांनी जयललितांच्या अण्णा द्रमुकशी युती करण्याचे ठरवले. मूपनारांना ते मान्य झाले नाही. त्यांनी तमिळ मानिला काँग्रेस काढली, सायकल ही निशाणी घेतली आणि द्रमुकच्या साथीने ते निवडणुकीला उभे राहिले. लोकांनी विधानसभेच्या ३९ आणि लोकसभेच्या २० जागा दिल्या.

याला आम्ही गद्दारी म्हणणार नाही. निवडणूक होण्याआधी, कारण सांगून, नवी निशाणी घेऊन ते मतदाराच्या दारात गेले. मतदाराला ‘नाही’ म्हणण्याची संधी होती. एका पक्षाच्या निशाणीवर निवडून यायचे आणि मध्येच दुसऱ्याच्या मांडीवर बसायचे, यात ती संधी नसते. खरा फरक इथे आहे.

पण हिशोब पुरा मांडायचा तर पुढचे पानही उलटले पाहिजे. २००१ साली त्याच मूपनारांनी त्याच अण्णा द्रमुकशी युती केली. ज्या कारणासाठी घर सोडले, ते कारण पाच वर्षांत विरून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. चिरंजीव जी. के. वासन यांनी २००२ साली पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला, पुढे ते केंद्रात मंत्री झाले आणि २०१४ साली काँग्रेसची सत्ता गेल्यावर त्यांनी वडिलांचा पक्ष पुन्हा उभा केला. २०२० साली अण्णा द्रमुकच्या पाठिंब्याने ते राज्यसभेत गेले. २०२४ साली त्यांचा पक्ष भाजपबरोबर होता.

आता यात कामगाराचे काय? १९९६ नंतरच्या संयुक्त आघाडी सरकारात मूपनारांचा पक्ष होता आणि अर्थखाते त्याच पक्षाच्या चिदंबरम यांच्याकडे होते. पाचव्या वेतन आयोगाचे फिटमेंट २० वरून ४० टक्के झाले ते सप्टेंबर १९९७ मध्ये, संपाची नोटीस दिल्यावर. मंत्र्यांच्या मायेने नव्हे. नवी पेन्शन योजना वाजपेयी सरकारच्या काळात, १ जानेवारी २००४ पासून लागू झाली. तिला कायद्याचे कवच २०१३ साली मनमोहन सिंग सरकारने दिले, भाजपने मतांनी साथ दिली. त्या मंत्रिमंडळात वासन होते. पुढे त्यांनी पक्ष बदलला, सरकारही बदलले, पण २००४ नंतर भरती झालेल्या आमच्या ट्रॅकमनची आणि पोस्टमनची जुनी पेन्शन काही परत आली नाही.

कायद्यावरही फार विसंबू नका. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर माफी होती. २००३ साली ती काढली, तरी दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उघडीच राहिली. शिवाय निवाडा सभापतीच्या हाती, आणि सभापती बहुधा सत्तेच्या बाजूचा. म्हणजे एकटा चोर पकडला जातो, टोळीला रस्ता मिळतो!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पुढारी पक्ष सोडतो तेव्हा विचारा, पद सोडून आमच्याकडे आला का? सांगितलेले कारण पाच वर्षे टिकले का? आणि पेन्शन, खाजगीकरण, रिकाम्या जागा यांवर सभागृहात त्याने हात कोणत्या बाजूने वर केला? मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे गेट मीटिंगमध्ये विचारा, मग झेंडा कोणताही असो.

हीच फूटपट्टी आम्हा युनियनवाल्यांनाही लावा. रेल्वेत २००७, २०१३ आणि २०२४ साली मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले. सभासदाने युनियन बदलली तर तो त्याचा हक्क आहे. पण सभासदांच्या मतांवर मिळालेले पद, शिक्का आणि वर्गणीचे रजिस्टर काखेत मारून दुसऱ्या छावणीत जाणारा पदाधिकारी त्या आमदाराहून वेगळा नाही. त्याला जनरल बॉडीपुढे उभे करण्याचा अधिकार तुमचा आहे. तो वापरा.

कामगार एकजुटीचा विजय असो!